बेगम बाजारातला समुद्र

विद्यानगर, हैदराबाद

प्रिय केतकी,

गेलं वर्षभर माझ्या प्रत्येक मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतेस. फोन उचलत नाहीस, पुण्यात तुझ्या ताईच्या घरी खोलीचं दार लावून बसतेस, हे ताईनेच मला सांगितलं. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून हे पत्र. आता मुकाट्याने वाच, कारण मला आज मनसोक्त फुशारकी मारायची आहे.

आमचा ‘समुद्र अभ्यास’ हा नवा विषय विद्यापीठात रुजला बरं का! मी तो मांडला तेव्हा सगळे हसले होते. हैदराबादेत कुठला आलाय समुद्र? त्यात मी इतिहासाची, प्रमोद भूगोलाचा, गौरी कायद्याची. तिघांनी एकाच वर्गात उभं राहून शिकवायचं, हे तर कुणाच्या पचनीच पडेना. आधी हुसेनसागर तलाव तरी पार करा, असा टोमणाही ऐकला. यंदा त्याच वर्गात खुर्च्या पुरत नाहीत.

पहिल्या दिवशी आम्ही मुलांना बेगम बाजारात पिटाळतो. समुद्र ओलांडून आलेली एक वस्तू आणा, एवढंच सांगायचं. राणी नावाच्या मुलीच्या घरचं दुकानच तिथे. तिने मूठभर लवंगा आणल्या. त्या वासात ती लहानाची मोठी झाली, पण त्या जहाजाने येतात हे तिला त्या दिवशी वडिलांना विचारल्यावर कळलं. मग काय, त्या लवंगांवर आमचा अख्खा आठवडा गेला. जुनी गलबतं कुठल्या वाऱ्यावर यायची ते प्रमोदने सांगितलं. माल बुडाला तर नुकसान कुणाचं, यावर गौरीने मुलांना भांडायला लावलं. मी सगळ्यांना कुतुबशाहीच्या मच्छलीपट्टणम बंदरात नेऊन सोडलं. शेवटी राणीने त्याच लवंगा घालून चहा पाजला. खोटं कशाला सांगू, मला माझाच हेवा वाटला.

पुढे आम्ही मुलांना खरोखरच मच्छलीपट्टणमला नेलं आणि आमची छान फजिती झाली. वाळूवर सतरंजी, डब्यात पुलिहोरा म्हणजे आपला चिंचेचा भात, चपलांची रांग आणि आम्ही तिघं आळीपाळीने भरती-ओहोटीवर बोलतोय! भरतीची वेळ प्रमोदने पाहिली असेल असं मला वाटलं, बस ठरवताना गौरीने पाहिली असेल असं त्याला वाटलं, आणि गौरी म्हणे, ते भूगोलाचं काम. बोलता बोलता बसल्या जागी ओले झालो. निम्म्या वर्गाच्या चपला बंगालच्या उपसागराला अर्पण! परतताना बसमध्ये हसून हसून लोळणाऱ्या राणीने विचारलं, “मॅडम, आप लोगां में कोई जहाज पो गए भी क्या?”

प्रमोद खिडकीबाहेर बघू लागला, गौरीने पाण्याची बाटली तोंडाला लावली. मी मात्र ताठ मानेने सांगितलं, आमच्यातली एकजण जहाजावर गेली आहे. मग घरापर्यंत तुझ्याबद्दलच बोलत राहिले. जामबागच्या शाळेत माझ्याच बाकावर बसणारी, शाळेचा बंद पडलेला पंप खोलून चालू करणारी, जहाजावर इंजिनखात्याची मुख्य झालेली माझी केतकी. किती अभिमान वाटतो मला तुझा, हे कधी तोंडावर बोलले नव्हते. बसमधल्या सगळ्यांना सांगून टाकलं.

आता खरं काम सांगते. इंजिनाच्या घरघरीने तुझे कान गेले आणि तुला जहाज सोडावं लागलं. समोरचा काय विचारतो ते नीट ऐकू येत नाही, म्हणून तू माणसांतच बसत नाहीस. अगं, ऐकू येत नाही म्हणून बोलणं का सोडलंस? दसऱ्यानंतरचा पहिला तास मी तुझ्या नावावर लावून टाकलाय. तुझ्या कानांचं मी मुलांना सांगितलं, तेव्हा त्यांनीच ठरवलं की प्रश्न तोंडी नाही, फळ्यावर लिहून विचारायचे. राणीने पहिला प्रश्न आत्ताच लिहून ठेवलाय, खाली ‘पुसू नका’ असंही. भर समुद्रात इंजिन बंद पडलं की काय ऐकू येतं, असं तिला विचारायचंय. आम्हा तिघांपैकी कुणालाच ते ठाऊक नाही, केतकी. तू ऐकलंयस. ये आणि सांग.

वाट बघणारी, तुझीच,
अनुराधा