सशाच्या कानांची गाठ

ब्रॉडीदादा,

मेलबर्नला थंडी आहे, पण मी वेळेवर जेवते. तुझा खोकला गेला का? खोटं सांगू नकोस.

आपल्या लहानपणाची माझी चित्रकथा छापून येतेय. संपादक फिलिपा म्हणाली, "प्रत्येक चित्रात कचऱ्याची काळी पिशवी? केविलवाणं दिसतं गं. सुटकेस काढ ना."

मी उसळलेच. "सुटकेस सहलीला जाणाऱ्यांची! सरकार आम्हाला सांभाळायला म्हणून एका परक्या घरातून दुसऱ्या घरी धाडायचं, तेव्हा कपडे त्याच पिशवीत कोंबायचं. लाज त्यांना वाटू दे."

माझी पिशवी कुणी चुकून फेकू नये म्हणून तू तिला सशाच्या कानांसारखी गाठ मारायचास, आठवतं? मुखपृष्ठ अख्खं काळं आहे, आणि वर तेच दोन कान.

आता टाका म्हणावं कचऱ्यात!

तुझी हट्टी,
टेगन