मूठभर माती

मंगळवार, दिवेलागण. कर्जत.

आज दहा पानं झाली नाहीत. एकच पान झालं, तेही चार वेळा.

पाश्चात्त्य अभिजात पुस्तकांची यादी दादाची. तो रोज दहा पानं वाचायचा. गेल्या वर्षी तो उल्हास नदीत वाहून गेला, तेव्हापासून मी ती यादी पुढे नेतेय. आईला मोठ्यानं वाचून दाखवते, तिच्या भाषेत समजावत. कशासाठी? यादी संपली म्हणून तो परत येणार आहे का?

आज एक ग्रीक नाटक होतं. राजाचा हुकूम असतो, की मेलेल्याला उघड्यावरच पडू द्या. तरी बहीण जाते आणि भावावर मूठभर माती टाकते. आधी एकदा पान चाळून बघायला काय झालं होतं मला!

वालाच्या शेंगा सोलता सोलता आई थांबली. "पडली ना गं माती त्याच्या अंगावर?"

"पडली."

"परत वाच."

चौथ्यांदा ऐकून म्हणाली, "त्याला माती तरी मिळाली. आपल्या पोराचा दर्भाचा पुतळा जाळला. दुसरं काय नाय."

दादा सापडलाच नाही. गावातली माणसं काठाकाठानं शोधत होती. आईला वाटतं, शेवटी त्यांनीच हात टेकले. चौथ्या दिवशी त्यांना "आता पुरे" असं मी म्हटलं होतं. मीच. मूठभर माती, तेवढीसुद्धा...

मी पुस्तक मिटलं, तर आई म्हणते, "बहीण होती म्हणून झालं गं त्याचं."

मी "हो" म्हटलं.