दीड किलो गॅस

१२ जानेवारी १९८९, वर्धा

पेपरात एके ठिकाणी ‘ओझोन’, खाली ‘ओझोण’. ‘न’च बरोबर. आपला फ्रिजचा गॅस वर जाऊन आभाळातला तो थर खातो म्हणे. सहा वर्षं मी नळी कापून गॅस हवेत सोडत आलो. वास नाही, रंग नाही, पेटत नाही — संशय कसा यावा?

मालकांना दाखवलं. रूपरावजी म्हणाले, “आभाळाले भोक पडलं, त शिवाले तू चालला का बे?”

२ फेब्रुवारी

रिकामं सिलिंडर बर्फ-मिठाच्या बादलीत ठेवलं की जुन्या फ्रिजमधला गॅस त्यात उतरतो, पातळ होऊन बसतो. जमलं. पाऊण तास जातो. मालक विचारतात, “कुल्फी झाली का शास्त्रीबुवा?”

२० एप्रिल

साठलेला गॅस दीड किलो. तीनदा वजन केलं.

५ मे

आष्टीच्या दवाखान्यातला लशींचा फ्रिज बंद पडला. गळती सापडली, डाग देऊन आलो. पण भरायला गॅस नाही — नागपूरहून सिलिंडर पंधरा दिवस आलेलं नाही. सिस्टर सुलोचनाबाई म्हणाल्या, “लशी थर्मासात ठेवून राह्यलो भाऊ. लवकर येजा.” सोमवारी येतो म्हणालो. माझा साठवलेला भरीन. असं बरं पहिल्यांदाच वाटलं.

७ मे, रविवार

मालकांच्या नातीचा वाढदिवस. माझा सगळा गॅस फुग्यांत गेला. मालक फक्त दुकानाचे, कामातलं काही कळत नाही. गॅस म्हणजे उडणारच, एवढंच त्यांचं ज्ञान. हा हवेपेक्षा चौपट जड. अठ्ठावीस फुगे फरशीवर बसून राहिले. पाहुणे हसले, तसे मालक माझ्याकडे बोट करून म्हणाले, “गॅस बी याच्यासारखाच. ना वास, ना रंग, जागचा हालत नाई.” पोरांनी पायांनी फोडले.

मला एकदा विचारायला हवं होतं त्यांनी.

८ मे

आष्टीची एसटी गेली. मी बसलो नाही.

कालच्या नोंदीत चूक आहे. मालकांनी विचारलं होतं — “तानबा, आष्टीले लागते का हा गॅस?” पाहुणे बघत होते. मी ‘नाही लागत’ म्हणालो. व्हॉल्व्ह मीच उघडला. अठ्ठावीस गाठी मीच मारल्या.