ताईच्या औषधात मी घातलेले पाणी

मी, परांची बांधणारा कामगार, वय चोवीस, शिक्षण पाचवीपर्यंत (सहावीच्या हजेरीपटावर फक्त नाव होते), घरचे मला भिंगरी म्हणतात, आज रविवारी सुट्टीच्या दिवशी भर दुपारी हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला ताप नाही, मी प्यालेलो नाही आणि कोणी मानगुटीवर बसून माझ्याकडून लिहून घेत नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही, कारण मागे ठेवण्यासारखे काही नव्हते. आताही फार नाही. पण उंचावरचे काम आहे.

कंपनीने सगळ्यांना एक फॉर्म भरायला दिला. त्यात वारसाचे नाव लिहायला एकच ओळ होती. मी ताईचे नाव लिहिले आणि पुढे लिहायला लागलो, तर कारकून म्हणाला, "ओळीत बसेल तेवढंच लिही. तुझी कहाणी कोण वाचणार?" म्हणून ती वेगळ्या कागदावर लिहीत आहे. जोडाक्षरे चुकली तर सांभाळून घ्यावे. मला ती ताईनेच शिकवली, मी पळून जाऊ नये म्हणून शर्टाचे टोक धरून.

कलम १. घर. आमच्या दोन खोल्या वडिलांच्या पश्चात आई, ताई आणि मी अशा तिघांच्या नावावर आहेत. माझा हिस्सा मी माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला देतो. यात कसलीही अट नाही. "सुधारली तर" नाही, "औषध सुटल्यावर" नाही. मामाने फोनवर सुचवले होते की अट घाल, म्हणजे तिला जरब राहील. मामाला माहीत असावे की मी ते ऐकून घेतले आणि केले नाही. त्याचे आधी ऐकले होते, ते पुढे येईल.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक निघेल ते आईला. आईने ते माझ्या दिवसांवर खर्च करू नये. गुडघ्याचे ऑपरेशन करून घ्यावे. "आता काय राहिलंय माझं" हे वाक्य ऐकून आम्ही दोघे भावंडे मोठी झालो, त्यामुळे ते कारण चालणार नाही.

कलम ३. हत्यारे. माझे पाने, हातोडी, पातळी बघायची नळी आणि कमरेचा पट्टा मुकादमाने ठेवावा किंवा कोणा नव्या माणसाला द्यावा. मात्र उंचीवर लावायचा सुरक्षा पट्टा कोणालाही देऊ नये, कापून टाकावा. दोनदा पाय निसटून मी त्याच्यावर लटकलो, तरी ताण खाल्लेला तो पट्टा मी बदललेला नाही.

कलम ४. माझी सायकल वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना. त्यांना सायकल येत नाही हे मला माहीत आहे. विकावी. त्यांचे जे माझ्यावर आहे ते सायकलीने फिटणारे नाही, पण माझ्याकडे दुसरी चांगली वस्तू नाही. ताई जिन्यात पडली होती तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते. शेजारी दार उघडून बघत होते आणि "गर्दुल्ली आहे, हात लावू नका" म्हणत होते. शिंपीकाकांनी गळ्यातली मोजपट्टी बाजूला फेकली, खाली बसले आणि इस्पितळाची गाडी येईपर्यंत स्वतःच्या तोंडाने तिला श्वास देत राहिले. या कागदाप्रमाणे सगळे करून घेण्याचे कामही मी त्यांच्यावरच सोपवतो.

कलम ५. हे कलम माझ्या पश्चात ताईला एकटीला वाचून दाखवावे. (ही ओळ खोडली आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. कारण पुढे लिहिले आहे.)

ताई चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची. तिचा हात असा स्थिर की मालक अवघड नंबरची काच तिच्याकडेच द्यायचा. ती गर्द, म्हणजे हेरॉईन, कधी आणि कोणामुळे ओढायला लागली हे मी शोधून काढणार होतो, त्याचे हातपाय मोडणार होतो. कळले नाही. ते वैर मी येथे सोडून देत आहे, कारण त्या माणसापेक्षा जास्त नुकसान मी केले.

तीन वर्षे आईने आणि मी तिच्यामागे जे काढले ते लिहीत बसत नाही. आईने गळ्यातले विकले, मी चार नोकऱ्या सोडल्या. (त्यातल्या दोन मी तशाही सोडल्या असत्या.) मग ताई स्वतःच्या पायाने व्यसनमुक्ती केंद्रात गेली. तिथे तिला मेथाडोन सुरू केले. ते पातळ, लालसर, गोड औषध असते, रोज ठरल्या मापाने घ्यायचे. त्याने नशा चढत नाही, पण गर्दची ओढ आणि अंगाची तडफड थांबते. सुरुवातीला ती रोज सकाळी खिडकीवर जाऊन नर्सबाईंसमोर घ्यायची. पाच महिने एक दिवस चुकली नाही. कारखान्यात परत घेतली गेली. वजन वाढले. मला "ऊठ रे ऐदी" म्हणून लाथ घालू लागली, तेव्हा मला वाटले की आमची ताई परत आली.

पाच महिन्यांनी केंद्राने आठवड्याची बाटली घरी द्यायला सुरुवात केली. नियम असा की बाटली कुलपाच्या पेटीत ठेवायची आणि किल्ली घरातल्या जबाबदार माणसाकडे. नर्सबाईंनी विचारले, जबाबदार कोण? ताईने माझ्याकडे बोट दाखवले. मला जन्मात पहिल्यांदा कोणी जबाबदार म्हटले.

त्याच आठवड्यात मामा आला. चहा पिता पिता म्हणाला, "म्हणजे बाटली बदलली, नशा तीच. हे काय सुटणं म्हणायचं?" आई रडायला लागली. ताई कामावर होती. मी मामाशी भांडलो, पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसले. मला कुठल्याच गोष्टीत धीर धरता येत नाही. मला वाटले, ताईला कळू न देता हळूहळू कमी करत नेले तर एक दिवस तिला सांगता येईल, "बघ, तू आठवडाभर नुसतं गोड पाणी पितेयस." ती हसेल, आई देवासमोर साखर ठेवेल आणि मामाचे तोंड बंद होईल. मी तो दिवस मनात इतक्या वेळा बघितला की मला तो झालाच असे वाटू लागले.

मी बाटलीत पाणी घालायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात थोडेसे. दुसऱ्या आठवड्यात त्याहून जास्त. रंग फिका दिसू नये म्हणून लाल सरबताचे थेंब टाकले. चौथ्या आठवड्यात बाटलीत निम्मे पाणी होते. मी केंद्रात कोणाला विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी नाही म्हटले असते, म्हणून विचारले नाही.

ताईला जांभया सुरू झाल्या. नाक गळायला लागले, अंगावर काटा, पाय रात्रभर दुखायचे. ती मला म्हणाली, "भिंगरी, औषध तेच आहे रे. मीच बिघडलेय. माझ्यातच खोट आहे."

मी म्हणालो, "मन घट्ट कर."

नर्सबाईंना ती सांगायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी मला विचारले, "माप नीट देताय ना?" मी म्हणालो, "हो, मी स्वतः मोजून देतो." त्यांनी डोस वाढवूया म्हटले. बाहेर आल्यावर मी ताईला सांगितले, "वाढवू नकोस. परत मामाला बोलायला जागा होईल." तिने ऐकले. ती माझे ऐकायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती जिन्यात सापडली. इतक्या महिन्यांनी तिने जुन्याच मापाने गर्द ओढले होते, शरीराला ते झेपले नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, औषध चालू होते का. ताई शुद्धीवर आली होती, तिनेच उत्तर दिले, "चालू होतं. पण माझ्यावर चालत नाही ते." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तेव्हा सांगता आले असते. मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो. पुढच्याच आठवड्यात लांबचे, उंचावरचे, कोणी घेत नाही ते काम घेऊन इकडे आलो. सगळे म्हणाले, बहिणीसाठी पोरगा केवढा राबतोय.

याला दीड वर्ष झाले. ताईने मध्ये औषध दोनदा सोडले, दोनदा धरले. आता आईच्या हट्टाने परत केंद्रात जाते, रोज खिडकीवर औषध घेते. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "मला हे लागू पडत नाही हे एकदा सिद्ध झालंय. उगाच आईचा जीव टांगणीला. हा महिना भरला की बंद करते, मग जे व्हायचं ते होईल." मी म्हणालो, "असं करू नकोस." ती म्हणाली, "का? कारण सांग." मी म्हणालो, रेंज जातेय.

कारण हे आहे. औषध लागू पडत होते. खोट तिच्यात नव्हती, बाटलीत होती, आणि ती मी घातली होती.

इथपर्यंत लिहून मी कागद साक्षीदारांकडे नेला. मुकादम म्हणाला, सही करायची तर वाचून घेणार. आमच्या खानावळीचा आचारी म्हणाला, "मला वाचता येत नाही, मोठ्यांदा वाचा." मुकादमाने कलम पाच मोठ्यांदा वाचले. आचाऱ्याने गॅस बंद केला.

मुकादम म्हणाला, "हे तू मेल्यावर सांगणार?"

"हो."

"आणि ती बंद कधी करणार म्हणाली?"

"महिना भरला की."

"म्हणजे महिन्याच्या आत मरायचं ठरवलंयस? तसं सांग, मला परांचीवर दुसरा माणूस बघायला लागेल." मग कागद माझ्या छातीवर ठेवून म्हणाला, "अरे गाढवा, ती जिवंत आहे तोवर सांग की. मेल्यावरचं मोठेपण कोणाला हवंय?"

आचारी म्हणाला, "शिव्या घालेल. घालू दे. जवळ बसून खा."

म्हणून वरची ओळ खोडली.

सोमवारी सकाळी केंद्र उघडायच्या वेळी मी फोन केला. ती खिडकीसमोरच्या बाकावर बसलेली होती, मागून नंबर पुकारल्याचा आवाज येत होता. मी हे कलम कागदावरून वाचून दाखवले, कारण तोंडी सांगायला गेलो असतो तर मी काहीतरी गाळले असते.

मग तिने विचारले, "शेवटच्या आठवड्यात किती होतं?"

"निम्मं."

"निम्मं औषध, निम्मं पाणी?"

"हो."

"आणि मी त्या आठवड्यात कामाला जात होते रे. सहा दिवस. काचा घासल्या. एक फुटली नाही."

मी म्हणालो, "ताई—"

"गप्प बस. मी मोजतेय." मग म्हणाली, "निम्म्यावर सहा दिवस काढले मी. आणि दीड वर्ष स्वतःला सडकी समजत होते." मग तिने मला बजावले, "तू इकडे येऊ नकोस. इतक्यात तरी नाही. मला तुझं तोंड बघवणार नाही. आईला मी सांगेन, तू सांगू नकोस, तू रडशील आणि ती तुलाच जवळ घेईल. माझा नंबर आला." तिने फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. माझे ती उचलत नाही.

कलम ६. परत बाटली घरी मिळू लागली तर पेटीची किल्ली ताईकडे राहावी, किंवा तिला ज्याच्याकडे हवी त्याच्याकडे. माझ्या नावाने कोणी तिला "कधी सोडणार" असे विचारू नये. "तुझ्या भावाला काय वाटलं असतं" हे वाक्य या कागदाने मी कायमचे रद्द करतो. तिने औषध किती दिवस घ्यायचे हे ती आणि नर्सबाई ठरवतील. दहा वर्षे लागली तरी लागोत, जन्मभर लागले तरी लागो. नर्सबाईंशी मी तोंडावर खोटे बोललो, त्याची येथे लेखी कबुली देतो. या कागदाची नक्कल त्यांना पाठवली आहे.

कलम ७. मामाला मी काही देत नाही आणि त्याच्यावर काही ठेवतही नाही. तो फक्त बोलला होता. पाणी मी घातले.

कलम ८. ताईने मला माफ करावे अशी विनंती या कागदात कुठेही नाही. कोणी तशी वाचून दाखवली तर ती माझी समजू नये.

हा कागद सुरू केल्याला तीन आठवडे झाले. सह्या व्हायच्या राहिल्या होत्या, कारण मला महिना संपेपर्यंत थांबायचे होते. महिना परवा संपला. शिंपीकाकांनी आज कळवले की ताई कालही खिडकीवर गेली होती आणि आज सकाळीही. तिने डोस वाढवून मागितला आणि तो मिळाला. मला हे तिने कळवलेले नाही.

वरील सर्व मी वाचले आहे, खोडाखोडीसकट मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: परांचीवाला, उर्फ भिंगरी (सही)

साक्षीदार १: मुकादम (सही). मी संपूर्ण वाचले.
साक्षीदार २: खानावळीचा आचारी (डाव्या अंगठ्याचा ठसा). मी संपूर्ण ऐकले.

ठिकाण: कामगारांच्या चाळीतली खोली क्रमांक नऊ
दिनांक: दोन तारीख, मंगळवार