डोंग्यातून पाठवणी

बाबा, परवा आपल्या घाटगल्लीत जाऊन आले. उतारावर बेशरमाची झुडपं माजलीत, भर सकाळी तिथे एक माणूस दिसलं नाही. तुम्ही पूर्णा नदीच्या पलीकडून नावेची पहिली खेप घेऊन यायचात, तेव्हा कुठे ती गल्ली जागी व्हायची. "डोंगा आला बे!" अशी हाक वर गेली की चहावाला स्टोव्हला पंप मारतो, कासारीण बांगड्यांची पेटी उघडते, आणि दूधवाले, भाजीवाल्या, दप्तर डोक्यावर धरलेली पोरं ओल्या पायांनी पायऱ्या चढू लागतात. दुपारपर्यंत फरशी वाळत नसे.

मग पूल झाला. माणसं वरच्या रस्त्यानं जाऊ लागली. चहावाला स्टँडवर गेला, कासारीण लेकीकडे. तुम्ही मात्र रोज बांबू घेऊन घाटावर उभे. मी चिडले तर म्हणालात, "आता पावसाळ्यात बी लेकरं शाळेत जातीन. वाईट काय झालं?" पण त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

माझ्या लग्नात तुम्ही डोंग्याला झेंडूच्या माळा बांधल्यात. "त्या काठापर्यंत मी सोडतो माय तुले. तिथून बसजो गाडीत." सासरची माणसं एकमेकांकडे बघून हसली. मी खाली मान घालून म्हटलं, "बाबा, गाडी पुलावरूनच जाणार आहे."

"हाव, बरोबर हाये. गाडीतच जाय."

जेवणं, मानपान आटपून गाडी पूल ओलांडून काठच्या रस्त्याला लागली, तर तुम्ही आधीच तिथे पोचलेले. माळा बांधलेला रिकामा डोंगा, गुडघ्यापर्यंत भिजलेलं धोतर, वर केलेला हात. गाडी थांबली नाही.

पहिल्या दिवाळीला आले तेव्हा तुम्हीच विषय काढलात. "तुले दिसलो नसीन मी."

"नाही दिसलात."

"मले वाटलंच. दिसलो असतो तं माही पोरगी थांबली असती."

त्यानंतर तुम्ही डोंगा पाण्यात घातलाच नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेलात, तेच खरं मानून. ज्याला सांगून सुटावं असं आता कुणी उरलं नाही, आणि सांगून सुटका होईल असंही वाटत नाही. हे पत्र मी कुठेच टाकणार नाही.

मी खिडकीशी बसले होते, बाबा. तुम्ही हात हलवलात, तेव्हा मी काच वर केली.