तीन भिंगांची गुलाबी पेटी

४ सप्टेंबर

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

मिळाली! काका, शर्यत मिळाली! अक्षर वाकडं आलंय, कारण उभ्याउभ्याच लिहिते आहे. बायकांची सायकल शर्यत, खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरणारी, आणि तिचे फोटो आमच्या साप्ताहिकासाठी मी काढणार. मोटारसायकलवर मागे, उलटं तोंड करून बसून. गाडी चालवणार आहेत गाडी शिकवण्याचा वर्ग चालवणाऱ्या एक बाई. सगळं गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणतं. काल त्यांनी मला बाजारातून अशी फिरवली की उतरल्यावर मी आधी स्वतःचे पाय मोजले.

संपादकांनी अट घातली आहे. शेवटच्या टप्प्याचा माझा फोटो मुखपृष्ठावर घेण्यासारखा निघाला तर उमेदवारी संपून नोकरी कायम. नाही निघाला तर आभार. आणि बाबांचं तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा नोकरी पक्की झाली नाही तर परत येऊन त्यांच्या कचेरीत टंकलेखन करायचं. खुर्चीसुद्धा बघून ठेवली आहे म्हणे, खिडकीजवळची. इतकं प्रेम!

आता अडचण ऐका. ऑफिसच्या मोठ्या लेन्स आमचे ज्येष्ठ छायाचित्रकार जीपमधून नेणार. त्यांच्या कंबरेला जीपच मानवते. माझ्याकडे आहेत त्या बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेल्या तीन जुन्या लेन्स. तुमच्या जन्माआधीच्या, पितळी बुडाच्या, प्रत्येक मुठीत मावेल एवढी. बुटकी जवळचं आणि पसरट बघते, लांबुडी दूरचं ओढून आणते, आणि मधली मधलंच काहीतरी करते. गुणी आहेत, पण म्हाताऱ्या आहेत. काल त्या पायमोज्यांत गुंडाळून पिशवीत टाकल्या होत्या. घरी येऊन बघते तर मधलीचा एक स्क्रू गाडीच्या थरथरीने निघून मोज्याच्या टाचेत पडलेला, आणि लांबुडीच्या कडेला टवका. दुकानातल्या बॅगा सगळ्या मोठ्या लेन्सच्या. त्यात माझ्या तिघी बापाचा कोट घातलेल्या पोरांसारख्या हरवतात आणि एकमेकींना धडकतात.

तुम्ही जन्मभर लोकांच्या तोंडात गच्च बसणाऱ्या वस्तू केल्या. एक वस्तू माझ्यासाठी कराल? काकूला नमस्कार, आणि तुमच्या टोमण्यांची सवय मोडत चालली आहे, तेवढे भरपूर पाठवा.

तुमची,
भिंगरी

८ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी उभाच राहिलो. हातात एका निवृत्त न्यायाधीशांची वरची कवळी होती, ती पॉलिशच्या चाकाखाली गेली. साहेबांना आणखी चार दिवस खिमट खावं लागेल. जन्मभर दुसऱ्यांना तारखा दिल्या, आता एक घ्या म्हणावं.

तुझ्या बापाला मी फोन केला. म्हणालो, पोरगी उलटी बसून घाट चढणार आहे आणि तू खुर्चीला उशी शिवतोयस. त्याने फोन ठेवला. म्हणजे आतून खूश आहे.

पायमोजे! अगं, भिंगं आहेत की बटाटे? लेन्स पोस्टाने पाठवायच्या नाहीत, हे आधी सांगतो. पोस्टावर माझा विश्वास आहे, पण तो पत्रापुरता. सोबत दोन डबे पाठवतोय. त्यात माप घ्यायचा मसाला आहे, एक निळा, एक पांढरा. दोन्हींचे सारखे गोळे घे आणि भराभर मळ. लेन्सची दोन्ही झाकणं लाव, पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळ आणि गोळ्यात दोन-तृतीयांश दाब. मग हलवायचं नाही, शिंकायचं नाही. मसाला रबरासारखा झाला की लेन्स अलगद काढ आणि साचे तेवढे मला पाठव. पुढचं माझं काम. हिरडी असो की पितळ, माप ते माप.

तुझ्या काकूचं म्हणणं आहे की तुझं पत्र आल्यापासून मी घरात शीळ घालतोय आणि ती बेसूर आहे. पहिलं खरं आहे.

उत्तर लगेच लिही, आणि मायेत काटकसर करू नकोस.
काका

१२ सप्टेंबर

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

साचे पाठवत आहे. आत जो केस अडकलेला दिसेल तो माझा आहे. मापात धरू नये.

पहिला गोळा मी पाककृती वाचल्यासारखा सावकाश मळला, तर तो हातातच दगड झाला. तो आता खोलीच्या दाराला अडसर म्हणून छान काम देतो. दुसऱ्या वेळी मास्तरीणबाईंना बोलावलं. त्यांनी मळलं, मी दाबलं, आणि दोघींनी श्वास धरला. घरमालकीणबाई दारातून डोकावल्या आणि विचारत्या झाल्या की हे कुठल्या धर्मातलं. लांबुडी निघाली तेव्हा आत तिच्या कड्यावरचे आकडेसुद्धा उमटले होते. काका, तुमचा धंदा जादूचा आहे आणि तुम्ही तो लोकांच्या जेवणावर वाया घालवलात!

शर्यत महिनाअखेरीस सुटते. पेटी वेळेत येईल ना? रोज टपालवाल्याची वाट अडवण्याचं मी आजपासूनच सुरू केलं आहे. घरच्यांची आठवण आहेच.

भिंगरी

१९ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

घे! हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. हो, गुलाबी आहे. माझ्याकडे ज्या रंगाचा माल असतो त्याच रंगाची पेटी होणार. दुकानात आलेल्या एका बाईने तिला कुणाचा तरी प्रचंड जबडा समजून जीभ चावली.

तीन खाचा आहेत. तू गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या जाडीएवढं मऊ अस्तर आत भरलंय. तुझ्या साच्यांत प्लास्टर ओतून तीन खोट्या लेन्स केल्या आणि पेटीत बसवून पाहिल्या. पेटी उलटी केली, आपटली, मांडीवर ठेवून रिक्षातून स्टेशनपर्यंत जाऊन आलो. एकही हलली नाही, आणि बोटाने ओढल्या की मुकाट्याने बाहेर. इतकं नेमकं काम माझ्या हातून गेल्या कित्येक वर्षांत झालेलं नाही. तोंडात गेलेलं काम कुणी बघत नाही गं. हे निदान चारचौघांत उघडेल.

आता कान इकडे कर. पेटी गाडीच्या कॅरिअरला बांधायची नाही, छातीशी पट्ट्याने बांधायची. धक्का गाडीला बसतो, तुला निम्मा बसतो, पेटीपर्यंत पोचेस्तो त्याचा जीव जातो. प्रत्येक बारीक स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका दे, थरथरीने सुटणार नाही आणि हवा तेव्हा उखडता येईल. काकूने आपली बाटली दिली आहे. रंग बघून स्क्रूंना लाज वाटेल, पण वाटू दे. वर गारठ्यातून चहाच्या टपरीत शिरशील तेव्हा पेटी उघडू नकोस, भिंगांवर दव धरेल. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या शेजारी ठेवू नकोस. मागे काकूने प्रेमाने ठेवल्या तर माझ्या चष्म्यावर धुकं बसलं होतं. आणि पेटी दगडावर पाडू नकोस. कवळीचा माल चावायला वाघ, पडायला काच.

जा. जोरात जा. उलटी बसलीस तरी मन पुढे ठेव. बाकी सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, हे तुला कळत असेलच.
काका

२ ऑक्टोबर

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे पुढचं पत्र धड लिहिता येईल. पेटी फोडली. माझ्या हाताने, जाणूनबुजून.

पहिले टप्पे तर नुसती मजा होती. उलटं बसून घाट चढताना मागून येणाऱ्या सगळ्याजणी माझ्याकडेच येताहेत असं वाटतं. घाम, दात, मांड्या, शिव्या, सगळं थेट समोर. मास्तरीणबाई वळणावर मला न बघताच सांगायच्या की डावीकडे कल, आणि मी कलायची. एकदा टप्पा संपवून परतताना खडीवर घसरलो. मी पेटीसकट पाठीवर, गाडी गटारात. उठून पहिल्यांदा पेटी उघडली तर तिघी जिथल्या तिथे, जणू झोपेतून उठवलं म्हणून रुसलेल्या. ज्येष्ठ छायाचित्रकार जीपमधून उतरून ती पेटी बघून गेले आणि जाताना आपल्या अक्कलदाढेबद्दल तुमचा सल्ला मागून गेले.

मग खिंड आली. वर मी लांबुडी लावून धुक्यातून येणाऱ्या सायकली टिपल्या. उताराचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे, म्हणून बुटकी कॅमेऱ्याला चढवली आणि लांबुडी पेटीत ठेवली. तिची भीती वाटली म्हणून अंगठ्याने चांगली दाबून बसवली. फुस्स असा आवाज आला. मला तो समाधानाचा वाटला.

खाली शेवटच्या सरळ रस्त्यावर आम्ही आधी पोचलो. पोलिसांनी दोर लावून सगळ्यांना लांब अडवलेलं, म्हणजे तिथून बुटकीचं काम नाही, लांबुडीच हवी. पेटी उघडली, लांबुडी धरली, ओढली. ढिम्म! पुन्हा ओढली. काका, ती पेटीत लावलेली नव्हती, उगवलेली होती. हातमोजे काढले, नखं लावली. मास्तरीणबाईंनी पेटी धरली आणि मी लेन्स, दोघी दोन्हीकडून ओढतोय, आणि बघणाऱ्यांना वाटलं आमचं भांडण जुंपलं. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला पहिल्या दोन सायकली दिसल्या. अगदी खांद्याला खांदा लावून.

मास्तरीणबाईंनी विचारलं, लेन्स की पेटी? मला तुमचं ते वाक्य आठवलं, की हे निदान चारचौघांत उघडेल. खरं सांगते, हात अडखळला. मग मी गाडीचा पान्हा मागितला. मधली काढून मास्तरीणबाईंच्या खिशात ठेवली, रिकाम्या खाचेत पान्हा घातला आणि पिळला. कडकन आवाज झाला, मागचे पोलीस वळून बघायला लागले. गुलाबी तुकडे रस्त्यावर उडाले आणि लांबुडी आख्खीच्या आख्खी माझ्या तळहातात आली. तिला एक ओरखडा नाही. लावली, फिरवली, दाबलं. त्याच क्षणी दोघींतली एक पुढे झाली.

फोटो आला की नाही, ठाऊक नाही. रोल ऑफिसच्या माणसाबरोबर गेला आणि मी इथे एका खाणावळीत बसून नखं खाते आहे. अंक शुक्रवारी निघतो. तिथे तुमच्याकडे तो माझ्याआधी पोचेल. जे असेल ते कळवा, वाईट असेल तर आधी काकूकडून कळवा.

पेटीचे तुकडे मी गोळा करून आणले आहेत. रागावला असाल तरी मला टाकू नका.

भिंगरी

९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

आलीस! मुखपृष्ठावर आलीस! म्हणजे ती जिंकलेली आली आणि खाली बारीक अक्षरात तू आलीस. मी भिंगाने वाचलं आणि मग भिंगाशिवाय पुन्हा वाचलं. तुझं पत्र आणि अंक एकाच सकाळी मिळाले. पत्र मी अर्ध्यावर फेकून स्टेशनवरच्या पेपरवाल्याकडे पळालो. दुकान उघडं, खुर्चीत गिऱ्हाईक तोंड वासून.

काय फोटो आहे! मागचीचं नुसतं चाक दिसतंय आणि पुढची ओरडते आहे. इतकं उघडलेलं तोंड मी धंद्यात पाहिलेलं नाही, आणि मी तोंडं उघडायचेच पैसे घेतो. वरच्या ओळीतला डावीकडचा सुळा खोटा आहे तिचा. काम चांगलं आहे. माझं नाही, पण चांगलं आहे.

आता पेटीचं. रागावू कुणावर? चूक शंभर टक्के माझी, आणि ती दुसऱ्या कुणाला जमलीच नसती. मी तपासलं ते प्लास्टरच्या लेन्सनी. प्लास्टर भुसभुशीत, त्यातून हवा जाते, म्हणून त्या मुकाट निघाल्या. तुझ्या लेन्स गुळगुळीत धातूच्या. तू दाबलीस, हवा बाहेर गेली आणि अस्तराने ओठ मिटले. वरची कवळी याच न्यायाने टाळूला धरते. आमच्या धंद्यात वस्तू न निघणं म्हणजे यश. ती परत काढायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका बाजूने नख घालून जरा हवा आत सोडली असतीस तर लांबुडी टुणकन निघाली असती, पण हे मी लिहिलंच नाही. चार पानं सल्ला दिला, त्यात डांबराच्या गोळ्या आल्या, माझा चष्मा आला, हे नाही. काकूने हे ऐकलं आणि इतकी हसली की शेजारीण विचारायला आली.

पान्हा घातलास ते बेस केलंस. मी असतो तर पेटी वाचवली असती आणि फोटो घालवला असता, आणि तुझ्या बापाने ती खुर्ची झटकून ठेवली असती. तुकडे फेकून दे. मुळीच जपू नकोस, जपण्याची गोष्ट लांबुडी आहे.

तुझ्या बापाचा फोन आला. नोकरी कायम झाल्याची तार तुझ्याआधी त्याने वाचली, कारण ती त्याच्या पत्त्यावर आली. ती त्याने मला दोनदा वाचून दाखवली. मग विचारलं की पुढच्या शर्यतीतही उलटंच बसावं लागतं का. मी म्हणालो, आता सरळ बसायची सवय लागेल असं दिसत नाही.

अंक घेऊन परतताना बसमध्ये शेजारच्या माणसाला मी तो दाखवला. त्याने फक्त वेळ विचारली होती. मग पुढच्या बाकावरच्या दोघांना दाखवला, मग कंडक्टरला. या फोटोसाठी माझी पेटी फोडली, असं मी मोठमोठ्याने सांगत होतो. आयुष्यभर मी केलेल्या वस्तू गिऱ्हाइकांनी लपवल्या, विचारलं तर स्वतःचे दात म्हणून सांगितलं. आणि मी भर बसमध्ये माझ्या फुटलेल्या कामाची जाहिरात करतोय! कंडक्टरने माझं तिकीट विचारलं नाही. माझा स्टॉप कधीच मागे पडला होता, मी डेपोपर्यंत गेलो.

आता दुसरी पेटी करायला घेतो. या वेळी मापाचा मसाला पाठवणार नाही आणि प्लास्टरवर विश्वास ठेवणार नाही. सुट्टी काढ आणि तिघींना घेऊन तूच ये. प्रत्येक खाचेच्या तळाला हवेसाठी एक भोक पाडणार आहे, आणि ते पाडताना समोर तू हवीस, लांबुडी हातात घेऊन. आत-बाहेर, आत-बाहेर, तुझं समाधान होईस्तोवर.

स्टेशनवर उतरलीस की रिक्षावाल्याला दातवाल्याकडे ने म्हण. अंक दारावर लावला आहे, चुकणार नाहीस.

वाटेकडे डोळे लावून,
काका