डाव्या हाताची स्टिक

बाबा, गेल्या शनिवारी एका मुलीने मला तुमच्याविषयी साधा प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं ठरवते आहे. मी आता गडचिरोलीकडच्या एका निवासी शाळेत खेळ शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा मी त्याचं शिक्षणच घेत होते, म्हणून ही नोकरी तुम्हाला ठाऊक नाही. दर वर्षी हंगाम सुरू होण्याआधी मी मुलींना आपली हॉकी स्टिक आपल्या हाताजोगी कशी करायची ते शिकवते. मूठ जाड वाटली तर कानशीने किती घासायची आणि कुठे थांबायचं. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आधी खालून वर का गुंडाळायची आणि मग सुती फीत का चढवायची. एका बोटावर स्टिक आडवी तोलून तिचं वजन मुठीकडे आहे की टोकाकडे, हे कसं ओळखायचं. बांबूच्या पातळ कांब्या जुन्या घोंगडीत शिवून नडगीला बांधायचं कवच कसं करायचं. यातलं बहुतेक मी तुमच्याकडे बघूनच शिकले. सगळ्यात शेवटी मी त्यांना सांगते की हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते, चेंडू त्याच बाजूने खेळायचा, आणि ती बाजू सर्वांसाठी एकच. डावखुऱ्या खेळाडूला उलट बाजूने सपाट केलेली स्टिक नियमात चालत नाही. हे पक्कं लक्षात राहावं म्हणून मी तुमची गोष्ट सांगते: माझे वडील आरागिरणीत कामाला होते, फार चांगले कारागीर होते, पण त्यांनी मला चुकून डाव्या हाताची स्टिक करून दिली. मुली खळखळून हसतात. शनिवारी एक मात्र हसली नाही. फीत गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मॅडम, तुमच्या बाबाले कोनी सांगतलं नाई काय?" मी म्हणाले, "आमच्या गावात तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं गं."

मला माहीत होतं, बाबा. चंद्रपूरच्या सामन्यांसाठी शाळेचा संघ निवडला गेला, त्याच आठवड्यात खेळाच्या सरांनी आम्हाला फळ्यावर स्टिक काढून हा नियम समजावला होता. संघातल्या बऱ्याच मुलींच्या स्टिका दुकानातल्या होत्या, दांड्यावर लाल-पिवळे पट्टे असलेल्या. मी घरी येऊन तशीच हवी म्हणून हट्ट धरला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "दुकानातली कायले? तुया हाताच्या मापाची मीच करून देतो." आलापल्लीसारख्या सागाच्या गावात राहून, दिवसभर साग कापून, तुम्ही सागाला हात लावला नाही. "साग मार खात नाई, माय. कावडीले धामन लागते, तशी इले बी धामनच लागन." आपल्या बांधावरच्या धामणीची फांदी तुम्ही आणलीत, रात्रभर भिजवलीत, गरम राखेत शेकलीत आणि अंगणात ठोकलेल्या दोन खुंट्यांमध्ये वाकवून बांधून ठेवलीत. पंधरा दिवस मी त्या खुंट्यांना वळसा घालून शाळेत जात होते.

मग तो रविवार येतो. तुम्ही चुलीशेजारी बसला आहात, कारण तिथे उजेड चांगला आहे, आणि आई भाकरी थापता थापता म्हणते आहे, "भाकरीत भुसा पाडू नका जी, पोरगी लाकूड खाऊन हॉकी खेळन." तुमच्या मांडीवर धामणीचा दांडा आहे आणि नमुन्यासाठी मी आणलेली शाळेची स्टिक बाजूला ठेवली आहे. तुम्ही दोन्हींकडे पुन्हा पुन्हा बघता. "हे तं उजव्या हाताची हाय," तुम्ही म्हणता. "तू डावखोरी. तुहा विळा बी लोहाराकून उलटा परजून आनला होता, ध्यानात हाय ना? मंग इले कोन्या बाजूनं सपाट करू?" मी पायाजवळचा भुसा बोटाने गोळा करते. तुम्ही पुन्हा विचारता, "सांग ना, माय. एकदा रंधा मारला का मंग लाकूड वापस येत नाई." मी डावा हात पुढे करते. तुम्ही त्यावरून खूण करता आणि रंधा फिरवायला लागता.

माझा हिशेब असा होता की सर शाळेतच ही स्टिक बाद करतील आणि मग तुम्हाला दुकानातली आणावीच लागेल. पण ती इतकी घरगुती दिसत होती, तिला पट्टे नव्हते, म्हणून सरावाला ती न्यायचीही मला लाज वाटली. मी शाळेचीच वापरत राहिले. सामन्याला मात्र तुम्ही स्वतः रजा घेऊन आलात, आणि स्टिक तुमच्याच खांद्यावर होती. मैदानाच्या कडेला पंचांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हसले. आमच्यातलीच एक मुलगी ओरडली, "अवं, इची स्टिक तं आरशातली हाय!" पंच म्हणाले, "काका, ही हॉकी आहे, धान कापणी नाही." तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत. "साहेब, चूक माही हाय. पोरीची नाई. मले माहीत नव्हतं. इले खेळू द्या." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी बुटाची नाडी बांधत होते. ती आधीच बांधलेली होती. एका राखीव खेळाडूची स्टिक मागून मी खेळले. आम्ही जिंकलो की हरलो, ते आठवतं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

मला हवी होती तशी पट्ट्यांची स्टिक पुढच्या महिन्यात आली. तिची मूठ मला जाड होती. मी ती तुमच्यापुढे धरली तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात. "सरले इचारून ये पयले. मंग हात लावतो." ज्यांना गिरणीतले सगळे विचारायला येत, ते तुम्ही, एका मुठीवर कानस फिरवायला माझ्याकडून परवानगी मागवत होता. मी विचारून आले, असं खोटंच सांगितलं, आणि तुम्ही अगदी थोडं, भीत भीत घासलंत. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना तुम्ही स्वतःच ही गोष्ट सांगत राहिलात, "म्या पोरीची फजिती केली," म्हणून, आणि सगळ्यांच्या आधी हसत राहिलात. मी समोर बसलेली असायचे. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही मला सांगता आलं असतं. मी तुमचे पाय चेपत होते आणि तुम्ही म्हणालात, "पोरीइले शिकवशीन तवा ध्यान ठेवजो, माह्यावानी करू नको." मी हो म्हणाले.

हे पत्र पाठवायला जागा नाही, म्हणून त्यात तरी खरं लिहायला हरकत नव्हती. तरीही वर एका ठिकाणी मी आधी लिहिलं होतं की मी लहान होते आणि तो नियम मला नीट समजला नव्हता. ती ओळ खोडली आहे. त्याखाली, येत्या शनिवारी मी त्या मुलीला खरं काय ते सांगेन, असं लिहिलं होतं. तीही खोडली, कारण मी सांगेन याची मला खात्री नाही.